अंड्यांना अहो-जाहो करणाऱ्या मॅडम

टी. वाय. बीएस्सीला असताना मी किराणा दुकानातून आणलेली चोवीस अंडी पिल्लं व्हावीत म्हणून दोन दिवस उबवत ठेवली होती.

यातली मौज ज्यांच्या लक्षात आली नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तेव्हा माझ्याही आली नव्हती. दुकानात येणारी अंडी ज्या कोंबड्या घालतात, त्यांच्या आयुष्यात कोंबडा म्हणून कोणी येतच नाही. त्या अंड्यांतून पिल्लू निघायचं काही कारण नाही. तुम्ही त्यांना ऊब द्या, कुशीवरून कुशीवर वळवा, कोणी बघत नसताना त्यांच्यासाठी गाणं म्हणा. मी हे सगळं केलं. माझा विषय प्राणिशास्त्र होता.

ती अंडी ज्यांच्या प्रॅक्टिकलसाठी होती, त्या आमच्या मॅडम आम्हाला विकासजीवशास्त्र शिकवायच्या. एका पेशीपासून अख्खं पिल्लू कसं घडतं, डोळा डोळ्याच्याच जागी का येतो, हृदय पहिल्यांदा कधी धडधडतं, असा तो विषय. वर्गात आम्ही आठ जण. मॅडम उंचीला इतक्या कमी की फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागासाठी त्यांनी एक लाकडी पाट ठेवला होता. पाटावर चढल्या की समजायचं, आता मेंदू काढणार. उजव्या हाताच्या बोटांत तीन खडू एकदम धरलेले असायचे. भ्रूणाचा बाहेरचा थर निळा, मधला लाल, आतला पिवळा. उजवा हात काढत जायचा आणि डावा हात पुसत जायचा, कारण भ्रूण थांबत नाही तर चित्र का थांबावं, असं त्यांचं म्हणणं. डावा हात मग पदराला पुसला जायचा. तास संपला की पदरावर नजर टाकून आज जठर झालं की कातडी, हे बाहेरच्या माणसालाही सांगता आलं असतं.

आमच्यातल्या एकाने एकदा फळ्याचा फोटो घेतला. मॅडम शांतपणे थांबल्या, त्याचा फोन खिशात जाईपर्यंत. मग म्हणाल्या, "झालं? आता परीक्षेलाही त्या फोटोलाच बसवा."

मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मॅडम, हे परीक्षेला येणार का?"

"ते येईल," मॅडम म्हणाल्या. "तुमचं सांगा."

जगातल्या प्रत्येक माणसाचं वय त्या कोंबडीच्या भ्रूणाच्या तासांत मोजायच्या. अठरा तासांच्या भ्रूणात एक रेघ दिसते, बाकी काही नाही. तेहतीस तासांच्या सुमाराला हृदय हलायला लागतं. अठ्ठेचाळीसला मान वळते. बहात्तरला हातापायांचे अंकुर फुटतात. आमच्या प्राचार्यांबद्दल त्यांचं मत होतं, "तेहतीस तास. हृदय आहे, मान अजून वळत नाही." नवीन आलेल्या क्लार्कबाई एका आठवड्यात बहात्तरवर गेल्या होत्या. मी वर्षभर अठरावर होतो. दिवाळीनंतरच्या चाचणीत मला बरे गुण पडले तेव्हा आशेने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझा पेपर खालून वर, वरून खाली पाहिला आणि म्हणाल्या, "रेघ जरा ठळक झालीय."

कोंबडीच्या भ्रूणाला मात्र त्या अहो-जाहो करायच्या. "हे आता डाव्या कुशीवर वळतील. त्यांना घाई करू नका." आम्हालाही अहो-जाहोच करायच्या, पण दोन्ही अहोंत फरक होता. भ्रूणांना केलेल्या अहोत आदर असायचा.

एकदा अंडी उबवायच्या पेटीचा थर्मोस्टॅट बिघडला. नवा आणायला मॅडम मला स्कूटरवर मागे बसवून बुधवार पेठेत घेऊन गेल्या. दुपारची वेळ, दुकान हातभर रुंद, पंखा बंद. मॅडम दुकानदाराला म्हणाल्या, "साडेसदतीस डिग्रीवर थांबणारा द्या. अर्धा इकडे नाही, अर्धा तिकडे नाही."

"कशाला हवाय?"

"अंडी ठेवायचीत."

"उकडायला?" दुकानदाराने विचारलं.

"उकडायची असती तर इथेच आणून ठेवली असती," मॅडम घाम पुसत म्हणाल्या. दुकानदाराने पंखा लावला आणि चार थर्मोस्टॅट पुढ्यात मांडले. मॅडमनी पर्समधून तापमापक काढून चारही तपासले. आम्ही दीड तास तिथे होतो. निघताना दुकानदार मला हळूच म्हणाला, "घरी पण अशाच का हो?" मी म्हटलं, माहीत नाही, मी विद्यार्थी आहे. तो म्हणाला, "मग तुमचं बरं आहे, तीन वर्षांत सुटाल." मी चार लावली, पण ती वेगळी गोष्ट.

त्या पेटीला स्वतःचं हजेरीपुस्तक होतं. वेळ, तापमान, सही. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलने फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढायचा. दिवसातून तीनदा अंडी फिरवायची: फुली वर असेल तर गोल वर, गोल वर असेल तर फुली. नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. आमची स्वतःची हजेरी मॅडम घ्यायच्या नाहीत. "तुम्ही नाही आलात तर तुमचं काही चिकटत नाही," त्या म्हणायच्या.

तर अशा या मॅडमचा विषय आमच्या वर्षी बंद पडायला आला.

नव्या धोरणात विषय निवडायची मोकळीक आली होती. एस. वाय.च्या मुलांनी पुढच्या वर्षासाठी आपापले विषय निवडायचे आणि ज्या विषयाला वीस सह्या मिळणार नाहीत तो बंद. मॅडमच्या समोर उभा होता संगणकावरचा जीवशास्त्राचा नवा विषय. त्याच्या लॅबला एसी होता, खुर्च्यांना चाकं होती. एका बुधवारी प्रत्येक विषयाला सकाळी दोन तास दिले होते. तेवढ्यात मुलांना काय ते दाखवायचं आणि बाराच्या ठोक्याला सह्यांचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर. मॅडमच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. विषय गेला तर ती दोन वर्षं त्यांना पहिल्या वर्षाला बेडकाची पचनसंस्था शिकवावी लागणार होती.

"भाषण करायचं नाही," मॅडम आम्हाला म्हणाल्या. "फक्त हृदय दाखवायचं. एकदा धडधडताना पाहिलं की माणूस सही करतो. मीही तशीच इथे आले."

अंडी दरवर्षी त्या स्वतः आणायच्या, खडकवासल्याच्या पलीकडच्या एका गावातल्या मावशींकडून. पण त्या बुधवारच्या आधीच्याच शनिवारी त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. पुढे ढकलायचं त्यांनी खूप मनावर घेतलं, पण डोळ्यांच्या डॉक्टरबाई त्यांच्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या आणि त्यांना मॅडमशी कसं बोलायचं हे माहीत होतं. मग मॅडमनी आम्हा आठ जणांकडे पाहिलं. सात जणांनी खाली पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो, म्हणून माझी मान वर होती.

त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. पाच सूचना होत्या. मी तीन वाचल्या: गावरान अंडी, चोवीस, रविवारी पेटीत ठेवणे. चौथी सूचना मी मंगळवारी वाचली. ती अशी होती: "कोंबडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे."

रविवारी सकाळी उशिरा जाग आली, ऊन तापलं होतं आणि नारायण पेठेत माझ्या खोलीच्या खालीच दुकानावर पाटी होती, 'गावरान अंडी मिळतील'. खडकवासल्यापर्यंत जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस. मी स्वतःला म्हटलं, गावरान ती गावरान. तरी एक शास्त्रीय खबरदारी घेतली. दुकानदारांना विचारलं, "अहो काका, खरंच गावरान आहेत ना?"

ते पेपर न हलवता म्हणाले, "पाटी वाचता येते ना?"

मला पुरावा पुरेसा वाटला.

पुढचे दोन दिवस मी आयुष्यात झालो नव्हतो इतका जबाबदार झालो. सकाळी सातला, दुपारी, संध्याकाळी, फुली-गोल, गोल-फुली. सह्या अशा वळणदार केल्या की हजेरीपुस्तक कुणाला दाखवावंसं वाटावं. आमच्या वर्गातल्या प्राजक्ताने मला पेटीसमोर गुणगुणताना पकडलं.

"काय करतोयस?"

"ऐकू येतं म्हणे त्यांना."

"कान नाहीयेत अजून त्यांना," ती म्हणाली. कान येणारच नव्हते हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं.

मंगळवारी बारा वाजता मॅडम आल्या. आठवडाभर घरी राहा, वाकू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांनी त्यातलं दुसरं पाळलं. डोळ्यांवर काळा चष्मा, मान ताठ, पाठ ताठ. आल्या आल्या त्यांनी एक अंडं मागितलं, अंधाऱ्या कोपऱ्यात त्याच्या मागे टॉर्च धरला. चांगलं अंडं असेल तर दोन दिवसांनी आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पुसट लाल रेषा दिसायला लागते. दिसला फक्त पिवळा उजेड. दुसरं अंडं. तिसरं. प्राजक्ता एकेक हातात देत गेली. बारा झाली, अठरा झाली. चोवीसाव्यानंतर मॅडमनी टॉर्च बंद केला.

"कोंबडा कसा होता?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "कुठला?"

मी सगळं सांगितलं, दुकान, पाटी, काका. मॅडम ओरडल्या नाहीत. त्या पाटावर बसल्या. त्यांना पाटावर बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"उद्या दहा वाजता साठ मुलं येतील," त्या म्हणाल्या. "आत्ता ठेवलेल्या अंड्यात उद्या काय दिसेल?"

"रेघ," मी म्हणालो. तेवढं मला येत होतं. वर्षभर ऐकलं होतं.

"रेघेवर कोण सही करणार?" त्या काळ्या चष्म्यातून कुठे बघत होत्या ते कळत नव्हतं. मला वाटलं, त्यांनी चष्मा काढू नये.

मग त्यांनी एकदम फोन उचलला आणि मावशींना लावला. "कोणी बसलंय का तुमच्याकडे?" पलीकडून काहीतरी उत्तर आलं. "कधीपासून?" पुन्हा उत्तर. मॅडम उठून उभ्या राहिल्या. मावशींची तांबडी कोंबडी खुडूक होऊन रविवार सकाळपासून अंड्यांवर बसली होती. म्हणजे तिच्याखालची अंडी बरोबर आपल्या तासांची. पण मावशी देईनात. बसलेल्या कोंबडीखालचं अंडं त्या कुणालाच देत नव्हत्या. मॅडम फोनवर म्हणाल्या, "एकाला पाठवते. त्याने काय केलंय ते त्याच्याच तोंडून ऐका आणि मग ठरवा."

प्राजक्ताने स्कूटर काढली. वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली, तोही शब्द मी इथे लिहीत नाही.

मावशी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मॅडमच्याच वयाच्या, पण दुप्पट आवाजाच्या. "तुम्हीच व्हय?" त्या म्हणाल्या. "बोला."

मी बोललो. दुकानाशी आलो तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.

"दुकानातली उबवली?"

"हो."

"किती?"

"चोवीस."

"आन् कोंबडा?"

"नव्हता."

"मग तुमच्या कालिजात काय आपोआप हुतं व्हय?"

त्या इतक्या हसल्या की त्यांना ओट्याचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी सुनेला बाहेर बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. मग कुंपणापलीकडून शेजारीण आली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळेला मी गाण्याचा भागही घातला. खरं सांगतो, लाजेने कान तापले होते, तरी तिसऱ्या वेळी गोष्ट छान रंगली.

मावशींनी डोळे पुसले. "बाईंचं काम अडलं का खरंच?"

"विषयच बंद होईल," मी म्हणालो. यावर मी काही रंग चढवला नाही.

त्या थोडा वेळ तांबडीच्या टोपलीकडे बघत राहिल्या. "माझं मन न्हाई धजत. सहा घ्या. पर तिच्याखालनं मी न्हाई काढायची. तिचा राग माझ्यावर नगं. तुमीच काढा."

विकासजीवशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात खुडूक कोंबडीचं तोंड काढलेलं नसतं. ते काढायला हवं. मी सहा अंडी काढली आणि तिने माझ्या हातावर अकरा टोचे मारले. प्राजक्ता मोजत होती. आवारात कोंबडा होता. ऐटीत फिरत होता. तो मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

आता अंडी गार होऊ द्यायची नव्हती. अंड्यांसाठी मॅडमनी दिलेला उबदार डबा आणायचा राहिला होता, चिठ्ठीतली पाचवी सूचना त्याचीच होती. तो माझ्याकडे होता, खोलीवर. शेवटी सहाही अंडी मावशींच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मी शर्टाच्या आत पोटाशी धरली आणि वर प्राजक्ताचं जर्किन चढवलं. परतीच्या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत हे मला आजही पाठ आहे. प्रत्येकाच्या आधी प्राजक्ता ओरडायची, "आला," आणि मी श्वास रोखायचो. एका सिग्नलला शेजारच्या दुचाकीवरचे काका माझ्या पोटावरच्या हातांकडे काळजीने बघून म्हणाले, "काय हो, पोटात दुखतंय का?"

"नाही काका," प्राजक्ता म्हणाली. "सहा आहेत."

काकांनी सिग्नल सुटल्यावरही गाडी हलवली नाही.

पाच पोचली. सहावं शेवटच्या गतिरोधकाला माझ्या बनियनमध्ये गेलं. मॅडमनी पाचही हातात घेऊन, त्यांना पेटीत ठेवून, दार लावून मगच माझ्याकडे पाहिलं. "आंघोळ करून या," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून आलेलं हे मला क्षमेसारखं वाटलं.

बुधवारी दहा वाजता साठ नाही, चाळीसेक मुलं आली. बाकीची एसीत गेली होती. मॅडम टेबलामागे सरळ उभ्या राहिल्या. पहिल्या वाडग्यात त्यांनी माझं एक अंडं फोडायला लावलं. कोमट मिठाच्या पाण्यात पिवळा बलक, बाकी काही नाही.

"हे नारायण पेठेतलं," मॅडम म्हणाल्या. "बरोबर तापमान, बरोबर वेळ, दिवसातून तीनदा फिरवलेलं. शिवाय यांनी गाणंही म्हटलेलं आहे. तरी आत कोणी नाही. का नाही?"

मुलं हसली, मग गप्प झाली, मग एकदम बोलायला लागली. कोणी तापमान म्हणालं, कोणी कवच म्हणालं. मागून एक मुलगी म्हणाली, "कोंबडा नव्हता." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. दहा मिनिटं त्या वर्गात एका शुक्रपेशीवाचून काय काय अडतं यावर असं भांडण झालं की मला ते ऐकून पहिल्यांदा नीट समजलं.

मग दुसरा वाडगा. मावशींचं पहिलं अंडं. आत एक पांढुरका ठिपका, निश्चल. "हे थांबले," मॅडम हळू म्हणाल्या. तिसरा वाडगा, तेही थांबलेले. त्या दोघांना मी स्कूटरवर पोटाशी धरलं होतं.

चौथं फुटलं. बलकावर लाल रेषांचं जाळं पसरलेलं आणि मधोमध, मोहरीहून जेमतेम मोठा, एक लाल थेंब आत-बाहेर, आत-बाहेर. मागचा एक उंच मुलगा मुकाट्याने जमिनीवर बसला.

मॅडमना वाकता येत नव्हतं. भिंगाकडे तोंड न्यायलाही मनाई. त्या म्हणाल्या, "सांगा. काय दिसतंय?" मी भिंगाला डोळा लावला.

"मान वळलीय, मॅडम. डाव्या कुशीवर आहे."

"आहेत."

"आहेत. डोळा दिसतोय, त्यांचा. गोल. मध्ये भिंग. आणि बाजूला... दोन फुगवटे आहेत. खाली आणखी दोन."

"ते काय?"

मी वर्षभर ते चित्र काढत होतो. निळा, लाल, पिवळा. "हात, मॅडम," मी म्हणालो. "हात आणि पाय येतायत."

मॅडमच्या काळ्या चष्म्याखालून एक थेंब आला. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब त्या तासापूर्वीच घालून आल्या होत्या, तेव्हा त्यावर मी काही म्हणत नाही.

मुलांची रांग लागली. एकेकाने बघायचं, टेबलाच्या टोकाशी जाऊन सही करायची. काही जण बघून तसेच एसीकडे गेले. पावणेबाराला चौदा सह्या. बाराला दहा कमी असताना सतरा. पाच कमीला एकोणीस, आणि दारात प्राचार्यांचा शिपाई कागद न्यायला उभा. वर्गात एकच मुलगी उरली होती, मघाची कोंबडा म्हणालेली. ती वाडग्यावरून हलत नव्हती आणि कागदाकडेही येत नव्हती.

"करायची का सही?" मॅडमनी विचारलं. आवाज नेहमीसारखा कोरडा होता, पण बोटांत खडू नसताना त्यांची बोटं खडू धरल्यासारखी हलत होती.

"करायचीय मॅडम," ती म्हणाली. "पण विषय अवघड आहे म्हणतात. घरचे म्हणतात, सोपं काहीतरी घे, मार्क्स पडायला हवेत."

"यांना विचारा," मॅडम माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "वर्षभर हेच शिकतायत."

मी पुढे झालो. मोठं बोलायची तयारी केली. ती मुलगी माझ्या हातावरच्या अकरा टोच्यांकडे आणि मग माझ्याकडे बघत म्हणाली, "दुकानातली अंडी तुम्हीच उबवली होती ना?"

"हो."

"चोवीसच्या चोवीस?"

"हो."

"आणि तुम्ही या विषयात पास होताय?"

"आत्तापर्यंत तरी," मी म्हणालो.

तिने पेन उचललं. "मग सोपा असणार."